परमुलखातील सामायिक छप्पर : मुंबईच्या गोवेकर कुडींचा इतिहास व त्यातून मिळणारा बोध

प्रेषित पौल करिंथ नगरीत आला तेव्हा त्यास पहिला आश्रय मिळाला तो एखाद्या धनिकाच्या वाड्यात नव्हे, तर त्याच्यासारख्याच एका परागंदा कारागिराच्या घरी. अक्विल्ला हा मूळचा काळ्या समुद्राकाठच्या प्रांतातला. क्लौद्य कैसराच्या हुकुमाने तो व त्याची पत्नी प्रिस्किल्ला रोम सोडून नुकतीच करिंथास आलेली होती. व्यवसाय एकच, तंबू करण्याचा. म्हणून पौल त्यांच्याकडे राहिला व त्यांच्याबरोबर काम करू लागला. प्रेषितांच्या कृत्यांतील हा प्रसंग आपण बहुधा घाईने वाचून पुढे जातो. परंतु करिंथच्या मंडळीची हकीकत जेथून सुरू होते ते स्थळ म्हणजे स्थलांतरित श्रमिकांचे एक सामायिक घर होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आणखी एक गोष्ट. ज्यास आपण ‘पॅरिश’ म्हणतो व गोव्यात ज्यास पोर्तुगीज काळापासून ‘पारोकिया’ म्हणतात, तो शब्द ‘पारोइकिया’ या ग्रीक शब्दापासून आलेला आहे. त्याचा मूळ अर्थ परक्या मुलखातील वास्तव्य असा आहे. म्हणजे जो शब्द आज आपल्या मनात घट्ट सीमा, नोंदवह्या व पिढीजात कुटुंबे यांचे चित्र उभे करतो, तो आरंभी उपऱ्यांच्या वस्तीचा वाचक होता. या विस्मृत अर्थाच्या उजेडात आम्ही प्रस्तुत लेखात एका संस्थेचा इतिहास सांगणार आहोत. ती संस्था कोणा धर्माध्यक्षाने स्थापिली नाही, सरकारने उभारिली नाही, की कोणा दात्याने देणगी देऊन चालविली नाही. परगावी गेलेल्या सामान्य श्रमिकांनी ती आपल्या वर्गणीतून निर्माण केली. ती म्हणजे मुंबईतील गोवेकरांची ‘कूड’.

गाव का सोडावा लागला

एकोणिसाव्या शतकात गोव्यातून मुंबईकडे जो ओघ सुरू झाला त्याची कारणे मुख्यतः आर्थिक होती. शेती थोडी, खाणारी तोंडे अधिक, आणि उद्योगधंदा जवळजवळ नाही, अशी तेथील खेड्यांची स्थिती होती. १८७८ साली पोर्तुगाल व ब्रिटन यांच्यात जो करार झाला त्याने या स्थितीत भर घातली. त्या करारान्वये गोव्यातील मिठाच्या उत्पादनाचे नियंत्रण ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारकडे गेले, आणि मिठागरांवर जगणाऱ्या अनेकांच्या उपजीविकेस धक्का बसला. त्याच करारातून मुरगावचे बंदर व घाट ओलांडून जाणारा लोहमार्ग यांची उभारणी झाली. या मार्गाने व्यापार वाढेल अशी अपेक्षा होती. पण तरुण माणसांना गाव सोडून जाणेही त्याने तितकेच सोपे झाले.

मुंबईत त्या सुमारास आगबोटींच्या कंपन्यांचा पसारा वाढत होता. जहाजावरील कामाची वाटणी प्रांतवार पडत गेली, आणि प्रवाशांच्या सेवेचा विभाग, म्हणजे स्वयंपाकी, वाढपी, बटलर व त्यांचे मदतनीस, मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या ख्रिस्ती माणसांच्या वाट्यास आला. कोंकणीत या दर्यावर्दी माणसास ‘तारवटी’ म्हणतात. त्याच्याबरोबर शिंपी, वादक, घरगुती नोकर व आया हेही मुंबईत आले.

तारवट्याच्या जीवनाचा एक विशेष असा की त्याची नोकरी सलग नसे. एक सफर संपली की करार संपला. पुढचे जहाज मिळेपर्यंत कधी काही आठवडे, कधी कित्येक महिने मुंबईत वाट पाहावी लागे. या अवधीत मिळकत नाही आणि शहरात घर नाही. शिवाय जहाजावर भरती होण्यासाठी दलालांचे हात ओले करावे लागत. हा प्रकार बहुतेक बंदरांत इतका रुळलेला होता की १९२० साली जिनोआ येथील आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने खलाशांस नोकरी देण्याबद्दल पैसे घेण्यास मनाई करणारा स्वतंत्र करार संमत केला. तेव्हा प्रश्न केवळ डोके टेकण्यास जागा मिळण्याचा नव्हता. रिकाम्या दिवसांत कर्जबाजारी न होता, व्यसनात न बुडता, माणूस म्हणून उभे राहता येईल अशा आधाराचा होता.

कुडीची घडण

कोंकणीत ‘कूड’ म्हणजे खोली. एका गावच्या चार माणसांनी मिळून एखादी खोली भाड्याने घ्यावी, मग गावातून येणाऱ्या पुढच्या माणसास तेथे घ्यावे, अशी या संस्थेची सुरुवात. पुढे तिला नियम, पदाधिकारी, हिशेबाच्या वह्या व गावाच्या आश्रयदात्या संताचे नाव मिळाले, आणि इंग्रजीत तिला ‘क्लब’ म्हणू लागले. धोबीतलाव, काव्हेल, माझगाव या भागांत या कुडी वाढल्या. धोबीतलावच्या जेर महाल या एकाच इमारतीत अनेक गावांच्या कुडी शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत अशा तीनशेहून अधिक कुडी होत्या. १९५८ साली ओल्गा व्हालादारिस यांनी मुंबई विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधाचा हाच विषय होता.

आतील व्यवस्था अगदी साधी. भिंतीला लागून सभासदांच्या पेट्या एकीवर एक रचलेल्या. त्या पेटीत माणसाचा सारा संसार. रात्री जमिनीवर वळकटी पसरावयाची, सकाळी गुंडाळून ठेवावयाची. एका बाजूस वेदी, तीवर गावच्या संताची मूर्ती. सायंकाळी ठरलेल्या वेळी सर्वांनी ‘तेर्स’, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणावयाची. गैरहजर राहणाऱ्यास दंड करण्याची चालही काही कुडींत होती. दारू व जुगार यांस मनाई असे. महिन्याची वर्गणी इतकी अल्प असे की बेकार माणसासही ती झेपावी.

ही कल्पना त्या साध्या माणसांस कोठून सुचली? आमच्या मते तिची मुळे गोव्याच्या दोन जुन्या संस्थांत आहेत. पहिली गावकारी, जिला पोर्तुगीज अमदानीत ‘कोमुनिदाद’ हे नाव मिळाले. गावची जमीन सामायिक, तिचा कारभार सर्व गावकारांनी मिळून पाहावयाचा, हे तिचे तत्त्व. दुसरी संस्था म्हणजे चर्चमधील ‘कोन्फ्रारी’, अर्थात बंधुसंघ. उत्सव साजरा करणे, मृतांस सन्मानाने मूठमाती देणे, ही तिची कामे. तारवट्याने मुंबईस जाताना जमीन बरोबर नेली नाही, देऊळही नेले नाही. पण एकत्र राहून कारभार करण्याची सवय मात्र त्याने बरोबर नेली.

या सामायिक जीवनातून काय साधले

नव्याने आलेल्या मुलास कुडीत पाऊल ठेवताच एक पत्ता मिळाला. गावची पत्रे या पत्त्यावर येत. नोकरीच्या ठिकाणी हाच पत्ता सांगता येई. कोणत्या जहाजावर माणसे हवी आहेत, कोणता बटलर स्वभावाने कसा, कोणत्या दलालापासून दूर राहावे, हे ज्ञान पुस्तकात मिळत नव्हते. ते कुडीत मिळे. सफरीवर जाणाऱ्याची पेटी मागे सुरक्षित राही. आजारी माणसास पाहणारे कोणी असे. कोणी मेला तर त्याच्या अंत्यविधीचा खर्च सामायिक निधीतून होई, आणि तो परक्या शहरात बेवारस म्हणून पुरला जात नसे. गावच्या चर्चची डागडुजी, फेस्त व शाळा यांसाठीही कुडींतून वर्गण्या जमत.

या वस्तीने एक कलाही जन्मास घातली. लुकाझिन रिबेरो यांनी १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत ‘इटालियन भुर्गो’ हा खेळ रंगभूमीवर आणला. कोंकणी तियात्राचा प्रारंभ तेथून मानतात. त्यांचे सहकारी जुआंव आगुस्तिन फर्नांडिस यांनी १८९५ साली ‘बेल द काव्हेल’ हे तियात्र सादर केले. त्याचे नावच मुंबईतील गोवेकरांच्या वस्तीवरून घेतलेले आहे. ज्या कलेस आज गोव्याचा मानबिंदू समजतात ती गोव्यात नव्हे, तर गोवा सोडून गेलेल्या श्रमिकांमध्ये उदयास आली. श्रमिकाच्या जीवनाची प्रत सुधारते म्हणजे केवळ त्याची मजुरी वाढते असे नव्हे. दिवसभराच्या राबणुकीनंतर आपल्या भाषेत हसण्यास व गाण्यास त्याला चार सोबती मिळतात, हाही त्या सुधारणेचाच भाग होय.

येथे शब्दाकडे पुन्हा वळावेसे वाटते. कोंकणीत ‘कूड’ शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक खोली, दुसरा देह. ख्रिस्तप्रसाद देताना कोंकणी उपासनेत प्रभूच्या शरीरास हाच शब्द योजतात. या दोन अर्थांची व्युत्पत्ती काहीही असो. ज्या तारवट्याने रविवारी चर्चमध्ये ‘कूड’ स्वीकारली आणि रात्री ‘कुडी’त वळकटी पसरली, त्याच्या कानी हे दोन अर्थ फार दूरचे वाटले नसावेत.

दाराबाहेर राहिलेले

तथापि इतिहास सांगताना केवळ गौरव करणे हे सत्याशी प्रतारणा करण्यासारखे होईल. कुडीत प्रवेश मिळण्याची पहिली अट ही की माणूस त्या गावचा असावा. पुष्कळ ठिकाणी तेवढ्याने भागत नसे. एकाच गावच्या निरनिराळ्या वाड्यांच्या व जातींच्या वेगळ्या कुडी असत. गावकारी व बंधुसंघ या ज्या दोन संस्थांपासून कुडीने सामायिक कारभाराचे बळ घेतले, त्यांच्यापासूनच तिने हा दोषही घेतला. कारण गोव्यात कोन्फ्रारींचे मानपान हे जातिभेदाचे जुने कारण होते. एकाच आश्रयदात्या संताची मूर्ती दोन स्वतंत्र खोल्यांत, आणि एका खोलीतील माणूस दुसऱ्या खोलीत झोपू शकत नाही, हे चित्र प्रत्येक धर्मशिक्षकास अस्वस्थ करणारे आहे.

दुसरी उणीव स्त्रियांविषयीची. कुडी प्रायः पुरुषांच्याच होत्या. आया व घरकामकरी म्हणून गोव्यातून शेकडो स्त्रिया मुंबईस आल्या. पण परमुलखात एकट्या स्त्रीचे संकट पुरुषापेक्षा मोठे असूनही ही सोय मुख्यतः तिच्यासाठी उभी राहिली नाही. तिला मालकाच्या घरच्या कोपऱ्यावर किंवा नातलगांच्या मेहेरबानीवर अवलंबून राहावे लागे.

म्हणून सहकार्य या शब्दावर आम्ही भाबडेपणाने विसंबू इच्छीत नाही. जो समाज एकमेकांस आधार देतो तोच आपल्या दाराशी पहारा ठेवू शकतो. आपापसांतील जिव्हाळा जितका घट्ट, तितके दार अरुंद होण्याचा धोका अधिक.

शेजारची दोन उदाहरणे

कुडी हा काही गोवेकरांचाच विशेष नव्हता. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला गेला. पुढे रत्नागिरी जिल्ह्यातून व घाटावरून आलेल्या कामगारांनी गिरणगावात अशीच व्यवस्था केली. एका गावच्या माणसांनी मिळून चाळीत खोली घ्यावी. दिवसपाळीचा माणूस कामास गेला की रात्रपाळीच्या माणसाने तेथे अंग टाकावे. भजनी मंडळ चालवावे. गावच्या देवळासाठी व शाळेसाठी वर्गणी काढावी. जेवण मिळे ते खाणावळवाल्या बायांकडे. या बाया स्वतः कामगारांच्या पत्नी वा विधवा असत आणि सावकाराच्या व्याजाने पिचलेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि बँकेच्या कर्जाचा मार्ग त्यांच्यासाठी खुला केला. पुरव या मूळच्या गोव्याच्या व गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या. कुडीने ज्या स्त्रीस बाहेर ठेवले, तिच्या श्रमाची दखल घेण्याचे काम अशा रीतीने एका गोमंतकीय स्त्रीने केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने ते सारे जग मोडकळीस आणले. परंतु मंडळाचे काम त्यानंतरही चालू राहिले.

दुसरे उदाहरण आमच्या वाचकांस अधिक जवळचे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२७ साली नागपाड्यात ‘नेबरहूड हाऊस’ सुरू केले. नागपाडा हा गरीब, दाटीवाटीचा व नाना धर्मांच्या लोकांचा मोहल्ला. तेथे दवाखाना, शिक्षण, वाचनालय व खेळ यांची सोय सर्वांसाठी करण्यात आली, आणि दाराशी कोणाचा धर्म विचारला गेला नाही. या अनुभवातून १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले. तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आले.

दोहोंची तुलना उद्बोधक आहे. नागपाड्याचे दार रुंद होते. पण घर दुसऱ्याने बांधलेले. कुडीचे दार अरुंद होते. पण घर स्वतःचे, नियम स्वतःचे, हिशेब स्वतःचा. श्रमिकाचे जीवन खरोखर सुधारावयाचे तर या दोन गुणांचा मेळ घातला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आज आपल्या दाराशी

१९६१ साली गोवा मुक्त झाला. १९७० नंतर आखाती देशांची वाट खुली झाली. जहाजांवरील भरतीची रीत बदलली. कुडींचे महत्त्व ओसरले. उरलेल्या कुडींत आज जहाजावर जाण्याच्या तयारीसाठी आलेले तरुण चार दिवस उतरतात. भाडे-नियंत्रणाच्या १९४७ च्या कायद्याने दीर्घकाळ टिकवलेल्या त्या जागांवर आता पुनर्बांधणीचे सावट आहे.

परंतु ज्या प्रश्नातून कूड जन्मली तो प्रश्न संपलेला नाही. तो फिरून गोव्याच्याच दाराशी आला आहे. गोव्यातील बांधकामांवर व मासेमारीच्या ट्रॉलरांवर आज कर्नाटक, ओडिशा, झारखंड, बिहार, उत्तर प्रदेश येथील माणसे राबतात. मुंबईत एके काळी गोव्याच्या ख्रिस्ती माणसास ‘माकापाव’ म्हणून हिणवीत. त्याच माणसांचे नातू आज घाटापलीकडून आलेल्या मजुरास ‘घाटी’ म्हणून हिणवतात, ही गोष्ट लज्जेने कबूल करावी लागते. बेळगाव व कोल्हापूरच्या बाजूस दरवर्षी गळीत हंगामात बीड जिल्ह्याकडून ऊसतोडणी कामगार येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जाणारी ही कुटुंबे सहा-सहा महिने उसाच्या फडाजवळ कोपी घालून राहतात. मुलांची शाळा बुडते. बाईला आजारपणातही खाडा परवडत नाही. बीडच्या कितीतरी ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढून टाकण्यात आल्याचे २०१९ साली उघडकीस आले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रास हादरा बसला.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला होता. तरी २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी पुकारली गेली तेव्हा लक्षावधी माणसे पायी गावाकडे निघाली. त्या वर्षी ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर विसावलेले १६ मजूर मालगाडीखाली मरण पावले. कायदा होता; पण त्यांना थांबवून घेणारे, या शहरातच राहा, येथे तुमची खोली आहे, असे सांगणारे कोणी नव्हते.

मग आपण काय करावे? कुडीच्या इतिहासातून मिळणारे धडे आम्हांस मोठे खर्चाचे वाटत नाहीत. बहुतेक प्रत्येक चर्चच्या आवारात एखादी खोली आठवड्यातील सहा दिवस बंद असते. ती रविवारच्या दुपारी श्रमिकांसाठी उघडावी. तेथे त्यांचे टपाल यावे, कागदपत्रे सुरक्षित राहावीत. एका राज्याच्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या राज्यात धान्य मिळण्याची सोय आता देशभर झालेली आहे. ती पुष्कळांस ठाऊक नसते, ती त्यांच्या भाषेत समजावून सांगावी. आजारपण व अंत्यविधी यांसाठी छोटा निधी असावा. मात्र त्याची वर्गणी, वही व नियम त्यांच्याच हाती असावेत, आपण केवळ साक्षी राहावे. स्त्रियांसाठी वेगळी व निर्भय जागा आरंभापासूनच असावी, मागाहून नव्हे. आणि दाराशी कोणाची जात वा धर्म विचारू नये. उपासनेस येण्याची अट तर मुळीच घालू नये.

धर्मशिक्षकांस आमची विशेष विनंती. येत्या रविवारी वर्गातील मुलांस सांगावे की त्यांनी घरी जाऊन आजी-आजोबांस विचारावे : आपल्या घरातील कोण परगावी गेला होता, आणि पहिल्या रात्री तो कोठे झोपला? ज्या घरात या प्रश्नाचे उत्तर कृतज्ञतेने दिले जाईल, त्या घरास बांधकामावरच्या मजुराची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही. कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कोणीतरी एकेकाळी दुसऱ्याच्या छपराखाली, स्वतःची पेटी उशाशी घेऊन झोपलेले असते.